खुर्चीतून पंधरा वेळा

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या ताईने आज पंधराचा आकडा गाठला! गुडघे झिजले म्हणून मी ते जपून वापरत होते, तर तू म्हणालीस न वापरल्यानेच मांड्या दुबळ्या होतात. आता रोज हात न टेकता खुर्चीतून उठते, सावकाश बसते. तुझे भावोजी शेजारी उभे राहून मोजतात. घड्याळं दुरुस्त करतानाही त्यांचं तोंड इतकं गंभीर नसायचं. जिना मात्र अजून उतरवत नाही, ते काही कळत नाही.
शाबासकीची वाट बघणारी,
ताई

९ फेब्रुवारी

आमच्या व्यायामाच्या मास्तरीणबाईंस,
आशीर्वाद. हे पत्र ताईला कळू देऊ नकोस. जिन्याचा गुन्हेगार मी आहे. पहिल्याच दिवशी उठताना तिचं तोंड वेडंवाकडं झालं, मला बघवेना, मी कोपराखाली हात दिला. तेव्हापासून रोज देतोय. पंधरातले तिचे किती, देव जाणे. पंचवीसला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. घरात ती एकटी. खुर्चीतून उठता आलं नाही तर? मला ऑपरेशनपेक्षा याचीच भीती वाटते. तिला सांगायला तोंड नाही.
तुझे भावोजी

१३ फेब्रुवारी

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि. आजच्या आज तिला सांगा. व्यायामाने थोडं दुखतंच, दुसऱ्या दिवसापर्यंत उतरलं की काळजी नाही. खुर्चीवर जाड उशी ठेवा, उंचीवरून उठणं सोपं जातं. पुन्हा एकपासून मोजा, आणि तुमचे हात पाठीमागे. मला रजा मिळत नाही. दिवसभर रुग्णालयात परक्यांना व्यायाम देऊन उठवते आणि सख्ख्या बहिणीपाशी नाही, याची लाज वाटते.
दोघांच्या काळजीत,
धाकटी

२७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. ऑपरेशन पार पडलं, पण ते अजून अतिदक्षता विभागात आहेत. तुझं पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. मी दोन दिवस अबोला धरला. खरं सांगू, त्यांचा हात आहे हे मला कळत होतं. तो हवासा वाटायचा, म्हणून मी आकडे वाढवत राहिले. एकटीने पहिल्या दिवशी दोन झाले. आज उशीवरून पाच, आणि पाचव्याला रडू आलं.

जिना उतरता येत नाही, म्हणून त्यांना बघायला जाता आलेलं नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, छातीचं हाड जुळेपर्यंत त्यांनी हातांवर जोर द्यायचा नाही. खुर्चीतून पायांच्याच बळावर उठायचं, कुणी धरून ओढायचं नाही. म्हणजे आता शेजारी उभी राहणार मी. त्यांचं तोंड कळवळलं की माझा हात पुढे जाणारच. तू रोज इतक्यांसमोर उभी असतेस. हात कसा आवरतेस, ते मला लिही.
लोभ आहेच, उत्तर लवकर येऊ दे.
तुझी ताई