फुकटची दुरुस्ती

लिंकन, नेब्रास्का
११ सप्टेंबर

चि. एल्डन यास नेडीनताईचे अ. उ. आ.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागदाचा खटाटोप. तुझ्याकडच्या पोस्टातल्या बाई म्हणाल्या, तुझी आयोला वारल्यापासून तुझा फोन म्हणजे भिंतीवरची शोभा झालाय. मी ठीक आहे. गुडघे बोलतात, पण त्यांचं ऐकतंय कोण! यंदा बीटाचं लोणचं बरं साधलं.

आता मुद्द्याचं. आमच्या जावयाकडे तुझ्यासारखीच पिकअप आहे, त्याच सालची. त्या सालच्या सगळ्या गाड्या कंपनीने दुरुस्तीला परत बोलावल्यात. गिअरच्या दांड्यापासून निघणाऱ्या केबलच्या टोकाला एक छोटं प्लास्टिकचं बुशिंग असतं. उन्हाने, ओलाव्याने त्याचा भुगा होतो. मग दांडा पार्कवर दिसतो, पण आत चाकं काही अडकलेली नसतात. उतार असेल तिकडे ती आपली निघते. जावयाचं बुशिंग डीलरने त्याची कॉफी संपायच्या आत बदललं आणि छदामही घेतला नाही.

पुढच्या काचेखाली, चालवणाऱ्याच्या बाजूला गाडीचा लांबलचक नंबर असतो. तो मला कळव. सरकारच्या यादीत मी बघते. तोवर हँडब्रेक ओढल्याशिवाय खाली उतरायचं नाही, सांगून ठेवते.

आपला लोभ गंजू देऊ नकोस. ही विनंती नाही, हुकूम आहे.

तुझी,
नेडीनताई

---

रँचवरून
२० सप्टेंबर

ती. नेडीनताईस धाकट्याचा शि. सा. न.

पत्र पोचलं. नंबर खाली लिहिलाय. गवत बरं आहे, गुरं धडधाकट आहेत, मीही आहे.

हँडब्रेकचं म्हणशील तर तो बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने कधीच गंजून बसला. आणि फुकट म्हटलं की मला धसकाच बसतो. याच डीलरने एकदा आयोलाला फुकट डोनट खिलवला आणि गाडीच्या पोटाला कसलासा काळा रंग फासून बिल हातात दिलं. शिवाय गाडी जुनी, वॉरंटी केव्हाच संपलेली, लाख मैल होऊन गेलेले. वर ती आयोलाच्या नावावर. कंपनीकडून तिच्या नावाने काहीतरी आलं होतं खरं. तिची पत्रं मी फोडत नाही.

तुला ठाऊकच आहे, आमच्याकडे फाटक उघडायचं ते शेजारी बसणाऱ्याने. चालवणाऱ्याने उतरायचं म्हणजे नामुष्की. लग्न झाल्यापासून सगळी फाटकं तिनेच उघडली, कुरकुर करत. आता शेजारची सीट रिकामी. मग मीच गाडी पार्कवर टाकतो, गाडीपुढे जाऊन साखळी सोडतो, गाडी आत घेतो, पुन्हा खाली उतरून फाटक लावतो. ओढ्याकडचं फाटक उताराच्या पायथ्याला आहे. चाकाखाली घालायला लाकडाचा ठोकळा केलाय. बहुतेक वेळा विसरतो. विसरतो म्हणजे, घालत नाही.

काळजी करू नये. करशीलच म्हणा.

तुझा,
एल्डन

---

लिंकन
२७ सप्टेंबर

चि. एल्डन यास अ. उ. आ.

तुझी गाडी यादीत आहे. दुरुस्ती अजून व्हायचीय, असं स्वच्छ लिहिलंय.

आता शेंगा सोलून द्याव्यात तसं सांगते. ही वॉरंटी नव्हे. वॉरंटी संपते, हे संपत नाही. मैल किती झाले, गाडी कितव्या मालकाकडे आहे, कुणाच्या नावावर आहे, याच्याशी काही देणंघेणं नाही. चूक कंपनीची, म्हणून कायद्याने पैसे कंपनी भरते आणि डीलरला त्याची मजुरी तिच्याकडूनच मिळते. तो तुझ्यावर उपकार करत नाही. दुसरं काही गळ्यात मारायला लागला, तर नको म्हणायचं आणि तोंडात डोनट असेल तर गिळून मग म्हणायचं.

हे झालं गाडीचं. एल्डन, ठोकळा घालत नाहीस हे तू मला मुद्दाम लिहिलंस. मी तुला दुपट्यात असल्यापासून ओळखते. आली गाडी अंगावर तर आली, असं तुझ्या मनात आहे. मला तुझा भयंकर राग आलाय, आणि तितकीच भीती वाटतेय. आयोलाला हे कळलं असतं तर तिने तुला त्याच ठोकळ्याने बडवलं असतं.

डीलरकडे येत्या मंगळवारची वेळ घेतलीय. बुशिंग त्यांच्याकडे आहे. गेला नाहीस तर मी बस धरून येईन आणि वसंतापर्यंत तुझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसेन. बघ कसं काय ते.

माया आहे म्हणून बोलते, एवढं लक्षात असू दे.

नेडीनताई

---

रँचवरून
६ ऑक्टोबर

ती. नेडीनताईस शि. सा. न.

बुशिंग बसलं. पैसे घेतले नाहीत. कागदावर मी दोनदा बघितलं. गाडी कुणाच्या नावावर, असं काउंटरवरच्या बाईने विचारलं. बायकोच्या, म्हणालो, ती मार्चमध्ये वारली. परक्या माणसाला हे पहिल्यांदाच सांगितलं. तिने मान हलवली आणि म्हणाली की दुरुस्ती गाडीची आहे, मालक कोण का असेना. पण पुढची सूचना मिळायला हवी, तर नाव बदलून घ्या. डोनट दिला, खाल्ला. बाकी काही विकलं नाही.

गाडीचं नाक कशाने चेपलं, असंही तिने विचारलं. फाटकाने, एवढंच म्हणालो. ते चेपलेलं मात्र फुकट होत नाही.

झालं असं. मंगळवारी सकाळी तिकडेच निघालो होतो. ओढ्याच्या फाटकाशी गाडी पार्कवर टाकली आणि उतरलो. ठोकळा सीटवरच होता. साखळी सोडायला वाकलो आणि मागे खडी कुरकुरली.

ताई, तू लिहिलंस ते खरं होतं. कित्येक महिने माझी अशीच समजूत होती की हे झालंच तर मी जागचा हलायचा नाही. पाठ करून उभा राहीन आणि संपेल एकदाचं. असं होणं कुणाच्या हातात असतं, कुणी नावं ठेवणार नाही.

मी उडी मारली. विचारबिचार काही नाही. अडुसष्टाव्या वर्षी, असली कंबर घेऊन, फाटकालगतच्या काटेरी तारेच्या कुंपणावरून थेट पलीकडे. पँट फाटली, मांडी सोलवटली. पिकअपने फाटक आडवं केलं आणि ओढ्याच्या वाळूत जाऊन रुतली. दांडा पार्कवरच होता, हलवला तर लुळा. मी गवतात बसून मोठ्याने रडलो, गाईंसमोर. मग घरी चालत येऊन डीलरला फोन केला. त्यांनीच गाडी ओढून नेली, मलाही सोबत घेतलं.

मला जगायचंय, ताई. माझं मलाच ठाऊक नव्हतं.

रागावत राहा, तेवढीच माया पोचते.

तुझा धाकटा,
एल्डन