मातीला दहा माणसे

मी, कुमारी रेबेका सामाजी आष्टमकर, वय वर्षे सदुसष्ट, धर्म यहुदी, सेवानिवृत्त प्राध्यापिका, राहणार पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाची जबरदस्ती नाही. बुद्धी शाबूत आहे. मन थाऱ्यावर नाही, पण ते कधीच नव्हते, म्हणून कायद्याने त्याचा वेगळा अर्थ काढू नये. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे मीच फाडली. तिसरेही फाडीन या भीतीने आज साक्षीदार आधीच बोलावून ठेवले आहेत. ते पडवीत चहा घेत आहेत.

कलम १. पेणचे राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझी भाची तामार एझ्रा आष्टमकर, राहणार अश्दोद, इस्राएल, हिला मिळावी. ती घर विकणार हे मला माहीत आहे. खुशाल विकावे. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ एझ्रा, १९७१ साली तिकडे गेला तेव्हा मलाही बोलावणार होता. त्याने दर वर्षी बोलावले, आणि दर वर्षी जूनमध्ये नवा वर्ग येणार म्हणून मीच थांबले. एकटी पडल्याचा राग मात्र त्याच्यावर काढत राहिले. तो राग मी येथे सोडते.

कलम २. माझा मायक्रोस्कोप गागोदे बुद्रुकच्या शाळेला द्यावा. अट एकच. 'पोरं मोडतील' म्हणून तो कपाटात कुलूपबंद केला, तर कोणीही जाऊन परत आणावा. मोडला तर चालेल.

कलम ३. विद्यार्थ्यांच्या निरीक्षणांच्या वह्या, एकूण एकेचाळीस, अध्यापक महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्याव्यात. नको असतील तर तसे तोंडावर सांगावे, गुपचूप रद्दीत घालू नयेत.

या वह्या कसल्या, ते लिहिणे भाग आहे. मी प्राणिशास्त्र शिकवत होते. नोकरीच्या अकराव्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या एम. ए.ला बसले आणि पुढे प्रबंध लिहिला तो 'समोरचा माणूस प्राण्याला कळतो का' या प्रश्नावर. प्राणिशास्त्रवाले मला तत्त्वज्ञानाच्या बाई म्हणत, तत्त्वज्ञानवाले बेडकांच्या बाई. दोन डगरींवर हात, दुसरे काय. शेवटची काही वर्षे होणाऱ्या शिक्षकांना शिकवले, तिथेही स्वस्थ बसले नाही. माझा नियम असा होता, की बेडूक चिरण्याआधी प्रत्येकाने तो जिवंत असताना तासभर त्याच्याकडे बघायचे आणि दिसेल ते लिहायचे. प्रयोगशाळेतला शिपाई गोविंदा कासूच्या भातशेतातून बेडूक आणायचा. 'अशाने पोर्शन कधी होणार?' असा मेमो मला प्राचार्यांनी तीनदा दिला. तिन्ही मेमो वह्यांबरोबर ठेवले आहेत, तेही वाचण्यासारखे आहेत.

प्रणिता कमळाकर धुमाळ, जी आज गागोद्याला शिक्षिका आहे आणि साक्षीदार म्हणून आली आहे, तिने १९७९ साली वहीत लिहिले, 'तासभर बघितले. आता मी याला चिरणार नाही.' बाहेरच्या परीक्षकांनी तिला प्रात्यक्षिकात नापास केले. तासभर बघून काय कळते, याचे इतके सरळ उत्तर दुसऱ्या कोणी दिले नव्हते, आणि मी परीक्षकांपुढे गप्प बसले. प्रणिता, चूक माझी होती. सतरा वर्षे हे सांगायचे राहिले.

कलम ४. माझा देह मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. फॉर्म ऑगस्टमध्येच भरला आहे. माझ्या टेबलावर आजवर सहा हजार तरी बेडूक चिरले गेले असतील. जिने एवढे चिरले तिने स्वतः चिरून घ्यायला नाही म्हणू नये, असे माझे मत आहे.

कलम ५. कलम ४ लिहून मी दोनदा उठले आणि दोनदा बसले. माझी आई रेचल १९८३ साली गेली. रोह्याच्या आमच्या दफनभूमीत तिच्या उजवीकडची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. शेवटच्या दुखण्यात ती म्हणाली, "रेबेका गो, माज्या बाजूला ये. आन् अख्खी ये." मी व्हय म्हटले होते.

आमच्यात देह अख्खा मातीला द्यायचा असतो. मृतासाठी कद्दीश ही प्रार्थना म्हणायची, तर दहा यहुदी पुरुष हजर लागतात. बाबांच्या मातीला साठ होते. आईच्या मातीला सात भरले. पनवेलहून तिघे येईपर्यंत दुपार टळली आणि आई तशीच घरात थांबून राहिली. आज रोहा-अष्टमीत माझ्या ओळखीचे चार उरलेत, त्यातला एक अंथरुणावर आहे.

येथवर प्रणिता आणि गोविंदा या दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले. गोविंदाने पेन खाली ठेवले.

"बाई, मी यावर सही नाय करनार."

मी कारण विचारले.

"बेडकाला कोनी इचारलं व्हतं? तुमी चिरून घेतलं म्हनून त्याला काय त्याचं?"

हा तत्त्वाचा प्रश्न आहे, असे मी सांगितले.

"तत्त्व-बित्त्व काय नाय. तुमी भ्यायलाव."

कलम ६. गोविंदा म्हणतो ते खरे आहे. माझ्या मातीला कोणी उभे राहणार नाही, याची मला भीती वाटते. चिरायच्या टेबलाभोवती निदान वीस पोरे तरी असतील, असे मनात होते. बेडकांचे तत्त्वज्ञान मी त्यावर नंतर चढवले. आयुष्यभर इतरांच्या प्रबंधांत असली लबाडी मी चटकन पकडत आले.

गोविंदाला हे वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "धाच मानसं ना? कासूतनं मी आनतो."

मी समजावले की ती मोजली जाणार नाहीत.

"नाय मोजली तर नाय मोजली. उभं तर राहू. कापनी आसली तरी येतील."

प्रणिताने विचारले, "बाई, बायका चालतात का?" बायकाही मोजत नाहीत, असे मी सांगितले. "मग मी पण येते," ती म्हणाली.

कलम ७. कलम ४ रद्द. फॉर्म परत घेण्याचे पत्र प्रणिता उद्याच टाकील. माझा देह अख्खा, रोह्याला, आईच्या उजवीकडे पुरावा. चौघांपैकी जे येतील त्यांनी येईल ती प्रार्थना म्हणावी. दहा यहुदी भरले नाहीत तर कद्दीश म्हणू नये. माझ्यासाठी नियम मोडायचा नाही. एझ्राला कळवावे, तो तिकडे दहांत उभा राहून म्हणेल. कासूच्या मंडळींनी नुसते उभे राहावे.

बेडकांची फेड माझ्याकडून झाली नाही. झाली असे मी दाखवणार नाही. आजही मन थाऱ्यावर आहे असे नाही, पण हा कागद मी फाडणार नाही.

ठिकाण: पेण. बुधवार, दिनांक ६ नोव्हेंबर १९९६.

(सही) रेबेका सामाजी आष्टमकर

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. आम्हा दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार १. (सही) गोविंदा विठू मोकल, राहणार कासू
साक्षीदार २. (सही) प्रणिता कमळाकर धुमाळ, राहणार गागोदे बुद्रुक

खुलासा: सही करता करता गोविंदाने विचारले, "अकरावा आला तर चालंल का?" मी चालेल म्हटले. माझ्या सहीवर जो ओला डाग पडला आहे तो त्या वेळचा आहे. ती खाडाखोड समजू नये. रे. सा. आ.