दहा वर्षांनंतरची खाडी

वेसावे,
१२ जानेवारी १९८६

ती. विमलताईस,
कमळचा सा. न. वि. वि.

तुझ्या धाकट्या बहिणीची पार वाट लागली आहे, तरी हसू काही आवरत नाही. गावामागे खाडीकाठी तिवराची झाडी आहे ना, जिथे मी चिंबोऱ्या पकडते, तिचं काय करायचं ते ठरवायला कचेरीतून नलिनीबाई म्हणून एक मॅडम आल्या आहेत. देवळापुढे सभा घेतली. काय तोडायचं, काय लावायचं ते नंतर, आधी दहा वर्षांनी खाडी कशी हवी ते सांगा, म्हणाल्या. झालं! बोटवाल्यांना खोल पाणी हवं, पोरांना क्रिकेटला मैदान हवं, एका आजोबांना तर खाडीच नको, रस्ता हवा. आमच्या सासूबाई म्हणजे बायकांच्या पुढारी. त्यांनी ठणकावून सांगितलं की तिवर तोडा, भराव घाला, बोंबील वाळत घालायला जागा पुरत नाही. टाळ्या पडल्या. आणि मी भर सभेत उभी राहून विचारलं की मग कोळंबीच्या पिलांनी वाढायचं कुठे?

तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तरी मांजराला सांगतात. आमचे हे बोटीवर गेले ते परतायचं नाव घेत नाहीत. मासळी फार आहे म्हणे!

पुढच्या महिन्यात शेवटची सभा. तीत तिवर हरलं की होळीनंतर कोयते लागतील. ताई, चिखलात उतरले की मी कुणाची सून नसते, कुणाची बायको नसते. माझी म्हणावी अशी तेवढीच एक जागा आहे. काय करू ते लिही.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो सध्या दुप्पट कर.

तुझी,
कमळ


नाहूर,
१७ जानेवारी १९८६

चि. सौ. कमळ हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मांजर मीठ देतं का गं? पत्र वाचून एवढी हसले की पोळी करपली आणि तुझ्या भावोजींनी ती निमूट खाल्ली.

पण सासूला चारचौघांत उलट विचारायचं असतं का? तुझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. आमच्या इमारतीमागच्या पाणथळ जागेचंही असंच चाललं आहे. कुणाला बॅडमिंटन हवं, कुणाला केळी, तळमजल्याच्या जोशीकाकूंना बदकं हवीत. काय हवं तेच ठरत नाही, म्हणून तीन वर्षं तिथे डास सुखाने नांदताहेत. तुमच्या मॅडमनी विचारलं ते योग्यच विचारलं.

तुझ्या सासूबाईंना, अंजनाबाईंना, समजावायला जाऊ नकोस, त्या ऐकणार नाहीत. जमलं तर दाखव. आणि ती जागा सोडू नकोस. मला सासरी अशी हातभर जागा असती तर मी कधी भिंतीकडे तोंड करून रडले नसते. तुझ्या धर्मरावांना म्हणावं, बोटीवरून घरी या, कुणी खात नाही.

आशीर्वाद आहेतच, काळजीही आहे.

तुझी,
विमलताई


वेसावे,
२७ जानेवारी १९८६

ती. विमलताईस,
सा. न. वि. वि.

ताई, बसून वाच, हातात चहा धरू नकोस!

नलिनीबाईंनी खाडीत बांबूंच्या दोन रांगा ठोकल्या. एक तिवराच्या कडेने, दुसरी पूर्वी झाडं तोडली होती त्या उघड्या चिखलापुढे. कुठे काय राहील ते लोकांनी डोळ्यांनी बघावं, एवढाच हेतू. पण कोळ्याला खाडीत बांबू दिसला तर तो काय समजणार? पहाटे सासूबाईंना वाटलं, कुणीतरी जाळ्याची जागा धरली. त्यांनी धावत जाऊन उघड्या बाजूच्या ऐसपैस बांबूंना आमची बोक्षी, ते पिशवीसारखं जाळं, बांधून टाकली. ते बघून त्यांच्या जन्माच्या वैरीण सखुबाई धावल्या. त्यांना तिवराकडची अडचणीची जागा उरली. मग अर्धं गाव आलं. नलिनीबाई आल्या तेव्हा सगळ्या आराखड्याला जाळी लटकलेली!

ओहोटी लागली. सखुबाईंच्या जाळ्यात कोळंबी, बोयटं, नुसती झुंबड. आमच्या जाळ्यात चिखल आणि एक चप्पल, तीही डाव्या पायाची. नलिनीबाई हसता हसता खाली बसल्या त्या चिखलातच.

सासूबाई म्हणाल्या, सखीने काहीतरी करणी केली. दुसऱ्या दिवशी भांडून जागा बदलून घेतली. आता आमचं जाळं भरलं आणि सखुबाईंना चिखल! सासूबाई घरी आल्या, बराच वेळ टोपलीकडे बघत बसल्या. मग मांजराला नाही, मला विचारलं की ही पिलं तिवरात नक्की करतात तरी काय? मी सांगत गेले, चिखलात मला कुणी हाक मारत नाही हेही बोलून गेले, त्या ऐकत होत्या. पण सभेत काय बोलणार त्याचा पत्ता लागू देत नाहीत.

माया असू दे.

कमळ


नाहूर,
१ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. कमळ हीस,
अनेक आशीर्वाद.

चपलेचं मी अख्ख्या इमारतीला सांगितलं. जोशीकाकू विचारत होत्या, उजवी सापडली का.

आता एक ऐक. सभेत तू तोंड उघडू नकोस. जिंकल्यासारखा चेहरा तर मुळीच करू नकोस. सासूबाईंना वळायला जागा ठेव. निकाल काहीही लागो, लगेच लिही. मला झोप नाही.

तुझी,
ताई


वेसावे,
१० फेब्रुवारी १९८६

ती. विमलताईस,
सा. न. वि. वि.

काल सभा झाली. मी ओठ दाबून बसले होते. सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या की आपण पहिल्यापासून तिवराच्याच बाजूच्या! सखुबाईंचा आ वासला तो मिटेना. मग सासूबाईंनी भराभर वाटणी लावली. बोंबील समुद्राकडच्या वाळूत वाळवू, उघडा चिखल बोटींना, तिवराला कोयता लावायचा नाही. पोरांनी क्रिकेट ओहोटीला खेळावं. आजोबांच्या रस्त्याचं कुणी नावच काढलं नाही.

नलिनीबाईंनी विचारलं, हे सगळं कशासाठी, ते एका वाक्यात लिहायचं आहे, काय लिहू? ताई, सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की लिहा, दहा वर्षांनी माझी सून एकटीच चिखलात उतरली, तर तिची टोपली भरली पाहिजे, आणि ती घरी येईपर्यंत तिला कुणी हाक मारायची नाही.

नलिनीबाईंनी जसंच्या तसं लिहून घेतलं. मी भर सभेत रडले, ताई. परवाच बोटीवरून परतलेल्या यांनीही डोळे पुसले आणि वारा सुटलाय म्हणाले.

एवढंच. चिंबोऱ्या पाठवते आहे, नांग्या बांधल्या आहेत, तरी जपून. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
कमळ