राजाने कुलूप कुठल्या हाताने ओढावं

प्रिय ठकू,

तुझा राजा पाहिला. मी एकटीने नव्हे, बाबांनीही. सगळं क्रमाने लिहिते. मधलं सोडून शेवट वाचू नकोस.

तू लिहिलेला चित्रपट आपल्या नाक्यावरच्या टॉकीजला लागला, हे शेजारच्या शिंपीणबाईंनी सांगितलं. मी बाबांना सरळ म्हटलं, "अहो, दुपारच्या खेळाला जाते, लेकीचं काम आहे." खोटं सांगून गेले असते तर प्रार्थनेला बसताना देवाकडे बघवलं नसतं. वाटलं होतं, ऐकून न ऐकल्यासारखं करतील. तर त्यांनी दुकानाचं शटर ओढलं, धुतलेला सदरा चढवला आणि पायरीवर जाऊन उभे राहिले. रस्ताभर तू घर सोडलंस तेव्हाचं त्यांचं बोलणंच माझ्या कानात वाजत होतं: "मेलेल्या राजांच्या पोरींची थट्टामस्करी रचून पोट भरणार? आत काय चालायचं ते बघितलंय कुणी?" खरं सांगते, तेव्हा मलाही ते पटलं होतं. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्या माजघरात शिरून गोष्टी जुळवायच्या, म्हणजे खोटंच की.

सुरुवात झकास होती गं. थोरली राजकन्या दरबारात जांभया देते, धाकटी मुकुटात चेंडू झेलते आणि धुण्याच्या टोपलीत बसून गावात नाचायला पळते. मीसुद्धा रुमालात तोंड खुपसून हसले. मग राजा आला. त्याने खजिन्याला कुलूप लावलं, कुलपाला कान टेकवला, हिसके देऊन ओढून पाहिलं आणि मान डोलावून म्हणाला, "झोपलं आता."

सगळे हसले. मी मात्र रुमाल खाली घेतला. दुरुस्त केलेलं कुलूप गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी बाबा काय करतात आणि काय म्हणतात, हे साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. मागून शिंपीणबाई ओरडल्याच, "अगोबाई, हा तर आपला कुलूपवाला! मुकुट तेवढा नवा!" अंधारात बाबांकडे बघायचा धीर झाला नाही. खुर्चीच्या दांडीवरची त्यांची मूठ तेवढी दिसत होती, आवळत चाललेली. पडद्यावर राजा दिसेल ते कुलूप ओढत सुटला होता, दर खेपेला लोक जास्तच हसत होते, आणि मी मनात म्हणत होते, ठकू, पुरे कर बाई. मध्यंतरात ते उठून गेले. दिवे मालवले तरी खुर्ची रिकामी. वाटलं, संपलं. आता हा माणूस घरात तुझं नाव काढू देणार नाही. तेवढ्यात येऊन बसले आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. घरून भरून आणलेली पिशवीत असताना विकत! तशाही स्थितीत मला त्याचा राग आला.

शेवटी धाकटी पहाटे चोरदाराने परत येते. राजा खांबाआड श्वास रोखून उभा असतो आणि तिला वाटतं, कुणाला पत्ताच नाही. तेव्हा कुणी हसलं नाही. बाबांनी एकदा घसा खाकरला. घर जवळ आल्यावर म्हणाले, "राजा कुलूप उजव्या हाताने ओढतो. चूक आहे. उजवा किल्लीवर, ओढायचं डाव्याने." हा राग होता की आणखी काही, मला उमगेना.

दुसऱ्या दिवशी दुकान बंदच ठेवलं. हत्यारांची पेटी घेऊन मागच्या दारापाशी बसले. त्या कुलपाची किल्ली तुझ्याजवळ आहे. मला वाटलं, कुलूपच बदलतायत! विचारलं तर म्हणाले, "तू तुझं काम बघ." भाजी चिरायला घेतली, पण कान तिकडेच. एकेक स्क्रू फरशीवर पडत होता. मनाशी ठरवलं, कुलूप बदललं तर आज पहिल्यांदा या माणसाशी भांडायचं.

तू गेलीस त्या दिवशी बाबांनी याच दाराची कडी आतून लावली, ओढून पाहिली आणि तुला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "झोपलं आता." तू तेवढंच ऐकलंस आणि ते राजाच्या तोंडी घातलंस, ते ठीकच. पण खांबाआडचा राजा कुठून आणलास? तू पाहिलं नाहीस, पण त्यानंतर कडीवरचा हात त्यांनी काढलाच नाही. कुलपाला लावतात तसा दाराला कान लावून उभे होते, तुझ्या बसचा आवाज विरेपर्यंत. मला बोटाने खुणावलं, बोलू नकोस. ते मी आजवर पाळलं. न बघताही तू बरोबर लिहिलंस, ठकू. तुझ्या गोष्टींना मी पुन्हा खोट्या म्हणणार नाही.

भाजी चुलीवर चढायच्या आत त्यांनी हाक मारली, "तुझी किल्ली आण." जाऊन बघते तर कुलूप तेच, तेल घालून लख्ख केलेलं. गेली होती ती आतली कडी. स्क्रूच्या भोकांत मेण भरलं होतं. उजव्या हाताने किल्ली फिरवली, डाव्याने दार ओढून पाहिलं, पण "झोपलं" म्हणाले नाहीत. मी विचारलं, "अहो, लिहू का तिला?" म्हणाले, "लिही की. शाई तुझी, हात तुझा. डाव्या हाताचं तेवढं विसरू नकोस." म्हणून हे पत्र. आता त्या दाराला आतून काही नाही, किल्ली असली की बाहेरून उघडतं. चोराच्या धास्तीने मी खुर्ची टेकवून ठेवते, बाबा ती गुपचूप बाजूला करतात. तुझी किल्ली जपून ठेवली आहेस ना? ती घेऊन ये. हाक मारू नकोस, आपलं आपण उघड. बाबा दाराआडच असतील. धाकटीसारखं कर, त्यांना पाहिलंच नाही असं दाखव.

खुर्ची आज दाराला न टेकवता जागेवरच ठेवलेली,
तुझीच आई