बाजूची पडवी आतिफाला

मी, दिनानाथ बुधाजी म्हात्रे, वय एकाहत्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार रेवस, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. घशाच्या ऑपरेशनमध्ये माझा आवाज गेला, बुद्धी जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही शंका असेल त्यांनी मी जिवंत आहे तोवर यावे.

१. राहते घर, नारळाची वाडी व बँकेतील शिल्लक माझा मुलगा हितेश यास. माझ्या आजारपणात त्याने ट्रक दारात उभा करून ठेवला आणि माझ्या उशाशी बसून राहिला. असा मुलगा नशिबाने मिळतो.

२. बाजूची पडवी मात्र, फळा व बाकांसह, माझी जुनी विद्यार्थिनी आतिफा हिला. तिथे माझा इंग्रजीचा वर्ग भरतो. आवाज गेल्यावर मी तो बंद करायला निघालो होतो. आतिफा म्हणाली, "सर, तुम्ही फक्त पहिला शब्द लिहा. पुढचं आम्ही बोलतो." तेव्हापासून मी फळ्यावर एकच शब्द लिहितो. कधी नाम, कधी क्रियापद, कधी 'व्हेअर', कधी 'स्लोली'. आखातात नोकरीला निघालेली पोरं पूर्वी प्रत्येक वाक्य 'आय'ने सुरू करायची. आता कुठलाही शब्द द्या, वाक्य पुरं करतात, आणि चुकलं तर आतिफा सांभाळून घेते. तिचे उपकार एका पडवीने फिटायचे नाहीत.

३. 'अँड' आणि 'बट'ने वाक्य सुरू केले म्हणून माझ्या विद्यार्थ्यांचे गुण कापणाऱ्या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना माझी सर्व लाल पेने द्यावीत. त्यांतली शाई मी संपवून ठेवली आहे.

४. मसुदा वाचून हितेश भडकला. "बाबा, ती काय आपली हाय? मना तिथं पर्यटकांची खोली काढाची व्हती!" म्हणाला आणि ट्रक घेऊन माणगावला निघून गेला. मला फार लागलं. परतला तो गवंडी-सुतार घेऊनच. वर्गाला आमच्या घरातून ये-जा करावी लागे, म्हणून त्याने पडवीला रस्त्याकडून वेगळं दार काढून घेतलं. कुलूप लावलं, आणि चावी आतिफाच्या हातात ठेवून म्हणाला, "बाय, आता कोनाला इचारून याची गरज न्हाय."

सबब कलम दोनप्रमाणे द्यायला माझ्याकडे काही उरलेले नाही. ते माझ्या मुलाने आधीच देऊन टाकले.

ठिकाण: रेवस
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५
सही: दि. बु. म्हात्रे

आम्हां दोघांसमक्ष सही केली:
१. अनंता भागोजी ठाकूर, शेजारी
२. मृणाली निकेत पाटील, माजी विद्यार्थिनी