पहिल्या पानावरचे तीन इंच

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
अखेर त्यांना अक्कल आली. काल पेपरच्या संपादकांचा फोन. त्यांचा व्यंगचित्रकार रिटायर झाला. (संपला तो वीस वर्षांपूर्वीच होता, कळवायचं तेवढं राहिलं होतं.) पहिल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, तीन इंचांची चौकट. मला पंधरा दिवस ट्रायल. जमलं तर चौकट कायमची माझी.
बावीस वर्षं या पेपरला चित्रं पाठवतोय. बावीस वर्षं साभार परत. बायकोला सांगितलं. म्हणाली, बरं झालं, माळ्यावरचे गठ्ठे तरी कमी होतील.

त्याच दिवशी, दुपारी.
पेपरची अट: दिवसाच्या बातम्या बघून चारपर्यंत चित्र द्यायचं. चार वाजता मी विमा कंपनीच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये फायली लावत असतो. साहेबांकडे रोज दोन तास लवकर सुटण्याची परवानगी मागितली. त्यांनी विचारलं, कार्टून म्हणजे ते लहान मुलांचं? आणि नाही म्हणाले. अशा माणसाच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली.

५ नोव्हेंबर, मंगळवार.
पहाटे उठून चित्र काढलं. कोरडा नळ, खाली बादली, शेजारी नागरिक. बादलीवर ‘बादली’ असं लिहिलं, नागरिकावर ‘जनता’. वाचकांची कुवत ओळखून काढावं लागतं. बायको म्हणाली, अहो, याचे हात कुठायत? खिशात. माझी सगळी माणसं हात खिशात घालून असतात. ती माझी शैली आहे. हात काढता येत नाहीत असं मेव्हणा म्हणतो, पण त्याला फक्त जेवता येतं.
लंच टाइममध्ये पेपरच्या ऑफिसात देऊन आलो.

६ नोव्हेंबर, बुधवार.
रात्री मोठी पाइपलाइन फुटली म्हणे. रस्त्यावर गुडघाभर पाणी, आणि पेपरात माझा कोरडा नळ. संपादकांनी स्वतः फोन केला. म्हणाले, काय उपरोध आहे हो, माणसं हसून हसून बेजार झालीत. मी म्हटलं, सुचलं आपलं. वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात पाणी उपसत होते, त्यांनीही मान हलवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.
फार बरं वाटलं. इथे लिहायला हरकत नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार.
रात्रभर विचार केला. बातमी न बघता काढलेलं चित्र बातमीला फिट्ट बसलं. म्हणजे बातम्या बघायची गरज साध्या चित्रकारांना. माणसं बदलत नाहीत. तेच मंत्री, तेच खड्डे, तोच मूर्खपणा. आजपासून पेपर वाचणं बंद. खालचा कोपरा बघायचा, घडी पुन्हा तशीच ठेवायची.
संकल्प: रविवारपर्यंत उरलेली सगळी चित्रं तयार.

१० नोव्हेंबर, रविवार.
झाली. आठ चित्रं, आठ पाकिटं, प्रत्येकावर तारीख. बायकोनं विचारलं, पुढच्या बुधवारी काय होणार ते तुम्हाला आत्ताच कसं कळलं? अनुभवानं, म्हटलं. ती भाजी निवडायला निघून गेली.
पेपरच्या ऑफिसात संपादक नव्हते, आठवडाभर बाहेरगावी. उत्तम. पानं लावणाऱ्याकडे पाकिटं दिली. तो म्हणाला, काका, ताजं काही झालं तर? मी म्हटलं, तू तारीख बघ आणि लाव. काका म्हणाला मला. मी बावन्न वर्षांचा आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार.
आजचं चित्र: आपली टीम मान खाली घालून, हात खिशात. ओळ: ‘सवय झाली आहे.’ नेमके काल रात्री ते कप जिंकले. मला काय माहीत? एवढ्या वर्षांत नाही जिंकले ते. जिन्यात काकांनी विचारलं, तुमच्याकडे टीव्ही नाही का? समजावून सांगितलं की उपरोधाची ही दुसरी पायरी आहे. ते त्यांच्या पायऱ्या चढून गेले.
साहेब मात्र हसले. कार्टूनला नाही, मला बघून.

१३ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ८.
आजचं माझं सगळ्यात आवडतं. मंत्र्यांवर आहे. रिकामी खुर्ची, भोवती जनता आनंदानं नाचतेय. (हात खिशात घालून नाचणारी माणसं काढणं सोपं नाही.) ओळ: ‘सुटलो एकदाचे!’ कोपरा बघितला, छपाई स्वच्छ.
फोन सारखा वाजतोय. चार झाले. शाळेतला मित्र म्हणाला, हिंमत आहे रे तुझी. आभार मानले. एक बाई नुसत्याच रडल्या. कला काळजाला भिडली की असं होतं.

सकाळी ९.
बायको बहिणीकडे गेली आहे. तिचा मेसेज: पेपरची वरची घडी उघडा.

सकाळी ९.१०.
उघडली. पेपरचे संस्थापक काल संध्याकाळी गेले. एक्क्याण्णव वर्षांचे. अर्धं पान फोटो. फोटोत ते त्यांच्या खुर्चीत बसलेले. बरोबर खाली माझी जनता नाचतेय.

सकाळी ९.३०.
चूक पानं लावणाऱ्याची. एवढी मोठी बातमी आल्यावर पाकीट उघडून बघायला नको? शिवाय मरणाची वेळ कोणाला सांगून येते का. मी चित्र रविवारी काढलं, तेव्हा ते धडधाकट होते.
ऑफिसला सिक लीव्ह कळवली. साहेब म्हणाले, घ्या, घ्या, आराम करा. इतकं प्रेमानं आजवर बोलले नव्हते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार.
संपादक परत आलेत. भेटायला गेलो. खुलाशाचे चार मुद्दे कागदावर नेले होते. त्यांनी हातानंच थांबवलं. ओरडले नाहीत. म्हणाले, तुमच्या नळावर मी खरंच हसलो होतो हो. तो कसा सुचला?
खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. सांगून टाकलं, पाइप फुटणार हे ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, अच्छा. मग उरलेली पाकिटं माझ्यापुढे ठेवली. एकही उघडलेलं नव्हतं.
पाकिटं घेऊन जिना उतरलो. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार.
तो पेपरच भिकार आहे. मी आपणहून सोडला, असं मेव्हण्याला सांगितलं. तो बरं म्हणाला आणि पोळी मागितली.
संकल्प: पेपर बंद करणे. बायको नको म्हणाली.

१८ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.
चौकटीत आता दिवसाचं तापमान येतं. कमाल, किमान, एक छोटा सूर्य. ‘चित्र कुठे गेलं?’ म्हणून कोणी तरी विचारेल अशी वाट पाहिली. वाचकांची पत्रं पहिल्यांदाच नीट वाचली. एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे: नवं सदर फार उपयुक्त, असंच चालू ठेवावं.
बायको चहा घेताना आधी तोच कोपरा बघते. म्हणाली, आज किमान अकरा आहे. सूर्य काढणारा कोण ते बघितलं, नाव नाही.
ऑफिसला निघालो. दारातून परत येऊन स्वेटर घातला.