टॅबला न सापडलेलं बटण

४ मार्च
झाली! एलादिओ मास्तरांच्या हार्पच्या वर्गाची साइट झाली. माझी पहिली. वर निळी पट्टी, मोठ्ठं शीर्षक, खाली अर्ज आणि त्याखाली लाल बटण — 'नाव नोंदवा'. वाचनालयात आम्हाला शिकवणाऱ्या सुनिल्दाबाई म्हणाल्या, दिसते देखणी, पण निमिया, आत कोडमध्ये तू नुसते बिननावाचे डबेच रचलेस. शीर्षकाला शीर्षकाचा टॅग हवा, मेनूला मेनूचा, बटणाला बटणाचा. मी हो हो म्हटलं. डबा लाल रंगवला, माउसनं दाबला की चालतो — बटण म्हणजे आणखी काय असतं?

मास्तर आंधळे, शिकवतात तेही बहुतेक आंधळ्यांना. त्यांच्याकडे संगणक नाही, सगळी भिस्त माझ्यावर. महिनाअखेर दहा नावं आली तर वर्ग राहील, नाहीतर मास्तर तो बंद करणार.

९ मार्च
एक नाव. माझ्या भावाचं. मीच भरायला लावलं.

१५ मार्च
मास्तरांच्या अंगणात तेरेरे, आमचा गार पाण्यातला पाल्याचा चहा, प्यायला गेले होते. किती नावं झाली, विचारलं त्यांनी. दोन. साइटमध्ये कुणाला काही अडत तर नसेल ना, असंही विचारलं. मला झोंबलं. मी ताडकन म्हणाले, "साइट उत्तम आहे, मास्तर. हल्ली हार्प शिकायचीय कुणाला?"

त्यांनी पेल्यात गार पाणी ओतून पहिला घोट मलाच दिला. परत येताना वाटलं, कुणीतरी स्पष्ट बोलायलाच हवं होतं.

२७ मार्च
ईस्टरआधीचा पवित्र बुधवार. चिपाचं, म्हणजे सणाच्या चीज-पावाचं, पीठ मळायला डेल्फिनामावशीकडे. तिची भाची लिम्पिया — विशीतली, जन्मापासून दिसत नाही — चीज किसत बोलत होती. "मास्तरांची ती साइट कुणी केलीय गं? तीन दिवस झटापट केली. संगणकातला वाचून दाखवणारा आवाज नुसता म्हणतो, रिकामी जागा, रिकामी जागा, रिकामी जागा. नाव कुठे लिहायचं, फोन कुठे, काय कळणार? टॅबची कळ दाबत पार शेवटपर्यंत गेले, तर बटणच नाही! आमच्या अख्ख्या गटानं नाद सोडला."

केली असेल कुणातरी शहाण्यानं, मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या. मी केली हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. मीही हसले! हसले आणि पीठ मळत राहिले. नालायक.

२८ मार्च
संगणकाचा पडदा बंद केला, माउस काढून ठेवला, वाचून दाखवणारा आवाज चालू केला. माझीच साइट, आणि मलाच वाट सापडेना. शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारू म्हटलं, तर शीर्षक एकही नाही. होती ती नुसती मोठी अक्षरं. रकान्यांना नावं नाहीत. टॅब लाल डब्यावर थांबलाच नाही — डब्यावर कशाला थांबेल? कान तापले. सुनिल्दाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ती बाईंची शिस्त वाटली होती!

दुपारभर बसून बदललं. वर हेडर, मेनूला नॅव्ह, मजकूर मेनमध्ये, मुख्य शीर्षकाला एकच एच-वन, रकान्या-रकान्याला लेबल. आणि बटणाचं बटण. दिसायला साइट अगदी होती तशीच. एका दुपारचं काम होतं हे.

३० मार्च
लिम्पियाला फोन केला, आता बघ म्हटलं. का, ते नाही सांगितलं. संध्याकाळपर्यंत नऊ अर्ज.

३१ मार्च
एकूण तेरा. माझा भाऊ धरला नाही तरी बारा! मास्तरांना सांगेन, इंटरनेटची लाइन बिघडली होती, म्हणून नावं उशिरा आली. हे इथे लिहितानासुद्धा लाज वाटतेय. पण सांगणार हेच.

१ एप्रिल
मास्तरांकडे हार्पचा कोपरा रिकामा. वर्गाची एकुलती एक हार्प त्यांनी गेल्या आठवड्यातच विकली. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बरं झालं पोरी, तू तोंडावर खरं सांगितलंस. बाकीचे नुसता धीर देत होते."

यादी छापून नेली होती मी. आंधळ्या माणसाला, छापून! मग मोठ्यानं वाचली. बाराही नावं. लाइन बिघडल्याचं काही सांगता आलं नाही. जे केलं होतं तेच सांगितलं.